अकरा तारखेचा नकाशा

मिस्त्रींचं बोट कुठल्याच यंत्राला पटायचं नाही. बँकेत म्हणा, कंपनीच्या हजेरीच्या डबीवर म्हणा, जिथे म्हणून अंगठा टेकवायचा तिथे लाल दिवा लागायचा आणि मागची रांग कुरकुरायला लागायची. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या बोटांवर रेषा राहतील तरी कशा? निम्म्या तारेच्या दोरांनी घासून नेल्या आणि उरलेल्यांत ग्रीस जाऊन बसलं. साबण, राखुंडी, रॉकेल, सगळं करून झालं होतं. बायको म्हणायची, "तुम्ही खुशाल चोरी करा, पोलिसांना ठसा मिळायचा नाही."

म्हणून नवा फोन घेतला त्या दुपारची गोष्ट घरात पुढे कितीतरी दिवस चघळली गेली. लेकीने दुकानात फोन पुढे धरला, म्हणाली, "बाबा, ठेवा बोट, लागणार नाहीच, पण ठेवा." मिस्त्रींनी ठेवलं आणि पहिल्या झटक्यात हिरवी खूण! लेक ओरडलीच. काउंटरमागच्या बाईंना काही कळेना की अंगठा लागण्यात एवढं काय आहे. मिस्त्री मात्र छाती काढून म्हणाले, "बघ, महागातला फोन माणूस ओळखतो." ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, मी उगाच सांगत नाही.

त्याच बाकड्यावर बसून लेकीने जुन्या फोनमधलं सामान नव्या फोनमध्ये हलवलं. फोटो घेतले, नंबर घेतले, नातेवाइकांचे सकाळचे फुलाफुलांचे निरोपही घेतले, कारण ते पुसले की बायको रागावते. मग पडद्यावर आणखी एक प्रश्न आला. तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची नोंद या जुन्या फोनमध्ये आहे, ती जपून ठेवायची का? लेकीनेच कधीकाळी ते चालू करून दिलं होतं. बाप दिवसभर विहिरीसारख्या पोकळीत उतरतो, कधी काही झालं तर निदान कुठे शोधायचं ते कळावं, एवढाच तिचा हेतू. तिने विचारलं, "बाबा, ही नोंद घेऊ का?"

"कशाला?" मिस्त्री म्हणाले. "मी कुठे जातो ते मला माहीत आहे."

लेकीने 'नको'वर बोट दाबलं आणि ती दोघं बाहेर पडली. तारीख होती अकरा.

आता मिस्त्रींविषयी दोन शब्द. बुटके, रुंद, बोलायला तिखट, कामाला चोख अशी ख्याती. त्यांच्याकडे एकवीस इमारतींच्या लिफ्ट होत्या. दर महिन्याला प्रत्येक लिफ्टकडे एकदा जायचं, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढायचं, ब्रेकचं झाकण काढून आतले पट्टे किती झिजले ते बघायचं, दोर पुसायचे, तेल द्यायचं. नीट करायचं तर पाऊण तास मोडतो. सव्वीस वर्षांत त्यांच्या लिफ्टमध्ये एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि हे वाक्य ते लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही ऐकवायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढी गेली की हे वाक्य कायमचं आपलं, असा त्यांचा हिशेब.

त्याच महिन्याच्या तीस तारखेला एका सहा मजली इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, पण मजल्याच्या वीतभर खाली. दार उघडलं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई कापडाचं गाठोडं छातीशी धरून बाहेर पडल्या, पाय कडेला अडला आणि त्या उजव्या हातावर आपटल्या. मनगट दोन ठिकाणी मोडलं. शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट! ब्रेकचे पट्टे झिजून कागदासारखे झाले होते, म्हणून लिफ्ट थांबायच्या जागी न थांबता घसरली, असं तपासणाऱ्यांनी लिहिलं आणि लिफ्टला सील ठोकलं.

मिस्त्रींना कळलं तेव्हा त्यांना आधी खरंच वाटेना. "मी अकरा तारखेला स्वतः बघितलेत पट्टे," ते म्हणाले. "झाकण काढलं, पुसलं, बोटाने चाचपलं. सहा महिने सहज गेले असते." आणि ते खोटं बोलत नव्हते बरं का. त्यांना झाकणाचा तो गंजका स्क्रू आठवत होता. मशीनरूमच्या खिडकीत पारव्याने केलेलं घरटं आठवत होतं. तिथून हात पुसत खाली उतरल्याचंसुद्धा आठवत होतं.

आणि रजिस्टरमध्ये सही होतीच की! इथेच तर घोडं अडलं. या धंद्यातली एक खोड तुम्हाला सांगतो, जी सगळे मिस्त्री करतात आणि कोणीच कबूल करत नाही. लिफ्टचं रजिस्टर असतं सेक्रेटरीच्या कपाटात. सेक्रेटरी कधी घरी नसतो, असला तर झोपलेला असतो. मग एकदा रजिस्टर हाती लागलं की मिस्त्री चालू महिन्याची सही करतो आणि लगे हाथ पुढच्या दोन महिन्यांच्याही करून टाकतो. पुढच्या वेळी दार वाजवायला नको. सगळ्यांच्या सोयीचं. सेक्रेटरीही म्हणतो, करा बाबा, मला उठवू नका.

अपघातानंतर याच सेक्रेटरीने रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर पान दाखवलं. अकरा तारखेची सही. तिच्याखाली, अजून उजाडायच्या असलेल्या दोन महिन्यांच्या सह्या. एकच पेन, एकच शाई, एकच वळण. "हा माणूस महिना येण्याआधीच येऊन गेलेला असतो," सेक्रेटरी म्हणाला. लोक हसले, आणि मिस्त्रींच्या सव्वीस वर्षांच्या सह्या त्या हसण्यात रद्दी झाल्या.

चौकशीची तारीख लागायला दोन महिने गेले. तोवर कंपनीचे साहेब म्हणत होते, "मिस्त्री, काळजी कसली करता, मी आहे ना." आठ तारखेला पत्र आलं. चौकशी दहाला, दुपारी बारा वाजता. त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन आला आणि आवाज पार बदललेला. "मिस्त्री, अकरा तारखेला तुम्ही तिथे गेला होतात याचा सहीशिवाय काही पुरावा आहे का? वॉचमन काही सांगायला तयार नाही. पुरावा नसेल तर कंपनीला लिहावं लागेल की आपला माणूस गेलाच नव्हता. परवाना जाईल तुमचा. माझा नाइलाज आहे." बघा, 'मी आहे ना' म्हणणारा माणूस दोन मिनिटांत कसा हात वर करून मोकळा झाला.

मिस्त्री फोन ठेवून खुर्चीत बसले ते उठेचनात. बायको दोनदा हाक मारून गेली. परवाना जाणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. एकवीस इमारतींतले लोक म्हणणार, अरे, तो जायचाच नाही, नुसत्या सह्या ठोकायचा. 

सकाळी लेक आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, फोनला विचारू ना. तुम्ही कुठे होतात ते नकाशात असणार."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. तिने नवा फोन घेतला, नकाशा उघडला, दिवस मागे मागे सरकवले. बारा तारीख सापडली. अकराची दुपार सापडली, दुकानातून घरी आल्याची. त्याच्या आधी काही नाही. कोरं.

"ही नोंद जुन्या फोनमध्येच राहते," ती हळूच म्हणाली. "आणायची तर मुद्दाम आणावी लागते. तुम्ही नको म्हणालात ना."

"मी म्हणालो?"

"मी कुठे जातो ते मला माहीत आहे, म्हणालात."

मिस्त्रींनी फोन उलटा करून ठेवला. एरवी त्यांच्या तोंडाला तोंड द्यायला दोन माणसं लागायची.

लेक मग स्वतःच्या फोनवर काहीबाही वाचत बसली आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, आणखी एक आहे. तीन महिन्यांपेक्षा जुनी नोंद तो फोन आपोआप पुसून टाकतो. आज नऊ. अकरा तारखेचा दिवस परवा पुसला जाईल. तोही फोन कोणी हात न लावता तसाच ठेवला असेल तर. कुठाय तो?"

दोघांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने ओट्याकडे पाहिलं.

"अगं बोल ना," मिस्त्री म्हणाले.

"ताईला दिला," बायको म्हणाली. "मागच्या महिन्यात. पडून तर होता. ती म्हणाली, माझा बंद पडलाय. दिला."

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दोन बस बदलाव्या लागतात. स्वभाव असा की दिलेल्या वस्तूत खोट काढल्याशिवाय तिला ती आपली वाटत नाही. बायकोने तिला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"तो फोन?" ताई पलीकडून गरजली. "तो कसला देतेस मला? काच फुटकी, चार्ज होत नाही, वर भाऊजींचे लिफ्टचे फोटो भरलेले! मी सांगून ठेवलंय कोपऱ्यावरच्या दुकानात, आतलं सगळं धुऊन कोरा करून दे म्हणून."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. "दिला का? दुकानात दिला का?"

"आज दुपारी देणार आहे. का हो भाऊजी?"

"देऊ नका! हात लावू नका! मी निघालो!" आणि पायात चपला नव्हत्या तरी मिस्त्री दारापर्यंत गेलेसुद्धा.

स्कूटरवर लेक मागे बसली. एरवी सिग्नलला गाडी बंद करणारा हा माणूस त्या दिवशी नुसता हॉर्न वाजवत होता. वाटेत एक दुकान दिसलं, दुरुस्तीचं, काउंटरवर फोन उघडे पडलेले, आणि मिस्त्रींच्या मनात आलं की ताईने ऐकलं नसेल तर? ती कधी कोणाचं ऐकते? तिला नको म्हटलं की ती आधी तेच करते. त्यांनी गाडी आणखी दामटली.

"बाबा, हळू," लेक म्हणाली. "आपण पोचलो तर पाहिजे."

ताईने दार उघडलं तेव्हा फोन तिच्या हातातच होता, पिशवीत घातलेला, आणि पायात चपला. "मी म्हटलं, तुम्ही येईपर्यंत दुकानात टाकून येते," ती म्हणाली. मिस्त्रींनी पिशवी जवळजवळ हिसकावूनच घेतली. ताईने जन्मभर लक्षात ठेवावं असं ते वागले, आणि ती ठेवणारच आहे.

फोन बंद होता. चार्जरची पिन आत सैल. नुसती खोचली की काही नाही, तिरकी करून अंगठ्याने दाबून धरली तर दिवा लागायचा. हात जरा ढिला पडला की गेला. मिस्त्री ताईच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि पिन दाबून धरली. पाच मिनिटं. दहा. अंगठा बधिर झाला तरी सोडेनात. तारेचे दोर धरून धरून कमावलेला अंगठा, पण एका सुतळीएवढ्या पिनने त्याला रडवलं. ताईने चहा समोर ठेवला, तो तसाच गार झाला.

पडदा उजळला. फुटक्या काचेमागे नातीचा फोटो आला आणि मिस्त्रींचे डोळे भरले. मेल्यांनाही तेव्हाच कशाला भरायचं होतं, आकडे दिसेनात! लेकीने विचारलं, "उघडायचा नंबर?" तो त्यांना पाठ होता. बोट त्या फोनला कधी लागलंच नव्हतं ना, रोज नंबरच टाकायचे.

लेकीने आधी ते तीन महिन्यांनी पुसायचं बंद केलं. "हं, आता परवा काही जाणार नाही," ती म्हणाली. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मग तिने नोंदीची एक प्रत ऑनलाइन खात्यात चढवायला लावली. पडद्यावर एक गोल फिरू लागला. बॅटरी सात टक्के. ताईच्या घरचं इंटरनेट तिच्यासारखंच, मनात असलं तर चालायचं. गोल फिरत राहिला. सहा टक्के. मिस्त्री अंगठा दाबून त्या गोलाकडे असे बघत होते की पापणी लवली तर तो थांबेल. पाच. "झालं का?" ते विचारत. "होतंय." "झालं का?" "बाबा!" चार टक्क्यांवर खूण आली.

मग नवा फोन. तिथे तीच प्रत उतरवायची. आणखी थोडं थांबणं, आणखी एक गोल. आणि मग ते कोरे दिवस एकेक करून भरत गेले, कुठे निळी रेघ, कुठे ठिपका. पुसायचे राहिलेले नऊ, दहा आणि अकरा, तिन्ही. लेकीने बापाच्या गळ्यात हात टाकला. "आलं सगळं. तारीख अशी सरकवायची. चुकून हा डब्याचा आकार दाबू नका, त्याने अख्खा दिवस पुसला जातो, परत मिळत नाही." आणि ती मावशीची समजूत काढायला आत गेली.

मिस्त्रींनी बधिर अंगठ्याने दिवस मागे सरकवले. अकरा तारीख. सकाळी घर. मग बँक, बराच वेळ. आणि मग ती, सहा मजली. होती! होती बघा! त्यांना ओरडावंसं वाटलं. ठिपका बरोबर इमारतीवर बसलेला. त्याच्याखाली वेळ लिहिली होती, ती त्यांनी चष्मा पुसून वाचली.

अकरा बेचाळीस ते अकरा अठ्ठेचाळीस.

त्यांना वाटलं, काच फुटकी म्हणून चुकीचं दिसतंय. पण हा नवा फोन होता, काच धड होती. बेचाळीस ते अठ्ठेचाळीस. सहा मिनिटं. सहा मिनिटांत तर सहाव्या मजल्यावर जाऊन गच्चीचं कुलूप काढेपर्यंतच वेळ संपतो. खालची ओळ होती मोबाइलच्या दुकानाची. बारा वाजून पाच मिनिटं ते पावणेदोन.

आणि मग त्यांना आठवलं. तो गंजका स्क्रू नव्हे, ते पारव्याचं घरटंही नव्हे, ती कधीतरीची, चार-सहा महिन्यांपूर्वीची आठवण त्यांनी या दिवसाला चिकटवली होती. त्या दिवशीचं आठवलं ते असं: लेकीचा फोन, बाबा, मी दुकानात पोचतेय, मला अर्धीच सुट्टी आहे, या लवकर. सेक्रेटरी नेमका जिन्यात भेटला, रजिस्टर त्याच्या हातात. तीन सह्या. मग लिफ्टने एकदा वर, एकदा खाली, कान लावून. आवाज ठीक वाटला. वॉचमन म्हणाला होता, "मिस्त्री, आज लगेच?" आणि ते म्हणाले होते, "पुढच्या वेळी बघू."

पुढे दुकान. दुकानात पहिल्या झटक्यात लागलेलं बोट. लागणारच होतं. ब्रेकला हात लावलेल्या माणसाचं बोट लागलं असतं होय?

मिस्त्री भिंतीला टेकून बसून राहिले. डब्याचा तो आकार पडद्याच्या कोपऱ्यात होता. एकदा दाबला की संपलं. फोन सापडला पण तो दिवस आधीच पुसला गेला होता, असं म्हटलं तर कोण काय म्हणणार? लेकीने तर तारीख बघितलीही नव्हती. त्यांनी अंगठा डब्याजवळ नेला आणि तसाच धरला. आतून ताईचा आवाज येत होता, भाऊजींनी कसा हात पिरगळला ते ती रंगवून सांगत होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "मिळालं का काही?"

"मिळालं. गेलो होतो. सहा मिनिटं."

साहेबांचा आवाज एकदम मोकळा झाला. "अहो मग झालं की! गेला होतात ना? पडद्याचा फोटो काढा, इमारतीचं नाव ठेवा, खालची वेळ कापून टाका. किती वेळ होतात ते कोण विचारतंय?"

मिस्त्रींनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्यांचा हात आता थांबेना. ते इतर दिवस बघू लागले. बहुतेक ठिकाणी पाऊण तास, पन्नास मिनिटं, कुठे सव्वा तास. ते बघून जरा बरं वाटायचं आणि मग मधूनच एखादा ठिपका यायचा. नऊ मिनिटं. सात मिनिटं. आठ. गेल्या काही महिन्यांत असे पाच ठिपके निघाले, पाच इमारती. त्या पाचही लिफ्ट या घडीला चालू होत्या, त्यांतून या घडीला कोणीतरी वर जात होतं. आता त्यांना जी भीती वाटली तिच्यापुढे परवान्याची भीती काहीच नव्हती.

लेक बाहेर आली. "दिसलं का बाबा? होतात ना तिथे?"

"होतो," ते म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

दहा तारखेला सकाळी सहालाच मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडले. बायको म्हणाली, "अहो, चौकशी बाराला आहे." ते म्हणाले, "वाटेत थोडी कामं आहेत." पहिल्या इमारतीत ब्रेक ठीक निघाला. दुसऱ्यात ठीक. तिसऱ्यात झाकण काढून त्यांनी विजेरी आत धरली. पट्टा इतका झिजला होता की मागचा लोखंडी पत्रा दिसत होता. त्यांनी तिथल्या तिथे लिफ्ट बंद केली, सातही मजल्यांच्या दारांवर पाट्या लावल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि नवे पट्टे बसवले. चौथ्या आणि पाचव्या इमारतीत सगळं धड होतं. हात धुवायला वेळ उरला नव्हता. बाराला दहा कमी असताना ते कोपरापर्यंत काळे असे चौकशीच्या खोलीत शिरले.

लांब टेबल होतं. पलीकडे सरकारी तपासनीस बाई, शेजारी तो सेक्रेटरी आणि त्याचं रजिस्टर. अलीकडे साहेब, इस्त्रीच्या कपड्यांत. भिंतीकडेच्या खुर्चीवर शिवणवाल्या बाई बसल्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला होता. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली.

"आमच्या मिस्त्रींकडे फोनमधला पुरावा आहे," साहेबांनी सुरुवात केली. "अकरा तारखेला ते इमारतीत होते."

"दाखवा," तपासनीस बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी फोन काढला आणि अंगठा टेकवला. फोन थरथरला, नाही म्हणाला. पुन्हा टेकवला. नाही. पँटला पुसून पुन्हा. काचेवर नुसता काळा डाग उमटला. साहेब हसून म्हणाले, "यांचं बोट कधी लागतच नाही हो." मिस्त्रींनी नंबर टाकला, अकरा तारीख उघडली आणि फोन टेबलावर बाईंच्या पुढे सरकवला. काही कापलं नव्हतं.

"आलात खरे," बाईंनी वाचलं. "अकरा बेचाळीस."

"झालं तर मग!" साहेब म्हणाले. सेक्रेटरीचं तोंड जरासं पडलं.

"पुढचं वाचा, बाई," मिस्त्री म्हणाले. टेबलाखाली साहेबांचा बूट त्यांच्या पायावर आपटला. "अकरा अठ्ठेचाळीस लिहिलंय. तेही वाचा."

बाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "सहा मिनिटांत ब्रेक बघून होतो?"

"नाही होत. पाऊण तास लागतो."

 साहेब छताकडे बघत होते. मिस्त्री उठले आणि भिंतीकडेच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. आपले काळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी ते तसेच पुढे धरले.

"मी सगळ्यांना सांगत होतो की मी ब्रेक बघितला," ते शिवणवाल्या बाईंना म्हणाले. "मला तसंच वाटत होतं, शपथेवर सांगितलं असतं. पण मी वर चढलोच नाही. मला फोन घ्यायला जायची घाई होती. तिथे दुकानात माझा अंगठा पहिल्याच वेळी लागला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही बापलेक खूश झालो, पेढे वाटायचेच बाकी होते. का लागला ते आता कळलं. त्या दिवशी माझ्या हाताला ग्रीस लागलंच नव्हतं."